पुकारल्याशिवाय गोळी नाही

माझे चंडीगढचे घरमालक हे मला आजवर भेटलेल्या माणसांत सगळ्यात जास्त राग आणणारे गृहस्थ होते, आणि हे मी काही वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून सांगते आहे. डोक्यावर म्हणजे खरोखरच. ते आणि काकू खाली राहायचे, मी वरच्या खोलीत. सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवरून पायी जाता येईल असं हाउसिंग बोर्डाचं घर होतं. मी मोहालीतल्या एका कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल त्यांच्याच शिव्या खायच्या, हा माझा व्यवसाय. परक्या गावात मराठी घरमालक मिळाला म्हणून आईने परभणीत पेढे वाटले. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आईने जरा घाई केली.

मी ऑफिसातून आले आणि फाटकाची कडी वाजवली. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. फाटकाला जाळी होती, त्यातून मी त्यांना दिसत होते आणि ते मला.

"कोण?" काका म्हणाले.

"मी, काका."

"मी म्हणजे कोण?"

"वरच्या खोलीतली."

"नाव?"

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग ते उठले, डावा पाय ओढत फाटकापर्यंत आले आणि कडी काढली. हे रोज. पावसात रोज, थंडीत रोज, हातात भाजीच्या पिशव्या असताना रोज. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मी तुम्हाला दिसतेय ना?" तर म्हणाले, "दिसतेस की. पण आधी विचारायचं असतं." दूधवाल्याला विचारायचे, गॅसवाल्याला विचारायचे. शेजारचे सरदारजी आपल्या वयाची साठी उलटल्यावरही फाटकात उभे राहून "मैं हां जी, तुहाडा गवांढी", म्हणजे तुमचा शेजारी, असं रोज हजेरी दिल्यासारखं सांगायचे आणि वर हसायचे. मला हसू यायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून डोकं पिकलेलं असताना स्वतःच्याच घरी ओळख पटवून द्यायची, हे माझ्या जिवावर यायचं.

बाहेर पडले तरी तेच. त्यांची जुनी स्कूटर होती. चंडीगढच्या त्या शांत, सरळ, झाडांच्या रस्त्यांवर हे गृहस्थ प्रत्येक वळणाला तीन वेळा हॉर्न वाजवायचे, मध्ये थांबून थांबून. चौकातल्या वाहतूक बेटाशी आले की सगळ्यांना आधी जाऊ द्यायचे. मागच्या गाड्या बोंबलायच्या, काका ढिम्म. एकदा मी मागे बसले होते. एका गाडीवाल्याने काच खाली करून त्यांच्या खानदानाचा उद्धार केला. काका शांतपणे म्हणाले, "बघ, हा बोलतोय तरी. न बोलता अंगावर येणारे वाईट."

आणि केटली. दुसऱ्याच आठवड्यात मी बाजारातून विजेची केटली आणली. ती त्यांनी फाटकातच अडवली.

"ही आत येणार नाही."

"का?"

"या घरात केटली येत नाही. पातेल्यात चहा करा, तांब्यात करा, तुमची मर्जी. केटली नाही."

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणजे मिरजेच्या, हसऱ्या, सतत काही ना काही वाढत असलेल्या. पण तेव्हा त्यांनीही मान खाली घातली. मी केटली सरदारजींच्या घरी ठेवली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या भागात त्याहून बरी खोली मिळत नव्हती.

काका वायुदलात होते. रडारची दुरुस्ती करायचे. सार्जंट म्हणून निवृत्त झाले, त्याच्या वर गेले नाहीत. का गेले नाहीत हे विचारायचं नसे. पाय कशाने अधू झाला ते मात्र घरातले सगळे सांगत: तरुणपणी स्कूटरवरून पडले. निवृत्तीनंतर ते सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासात मुलांना कॉम्प्युटरचं हार्डवेअर शिकवायला लागले. तिथेच तो खेळ जन्माला आला.

क्लास सुटला की पोरं तिथल्या कॉम्प्युटरवर एक परदेशी गोळीबाराचा खेळ खेळत बसायची. दिसेल त्याला उडवायचं, एवढीच त्यातली अक्कल. काका मागे उभे राहून बघायचे आणि त्यांचं पित्त खवळायचं. "अरे, तो कोण आहे ते तरी बघ," असं ओरडायचे. पोरं हसायची. मग त्यांना कुठून तरी कळलं की त्या खेळाच्या सांगाड्यावर आपल्याला हवा तसा खेळ रचता येतो, जगभरचे शौकीन लोक तसे फुकट रचून इंटरनेटवर ठेवतात. रडार उघडून बसणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड. काका ते शिकले. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. तो शेजारी बसून बघायचा, चित्रं निवडायला मदत करायचा; आतले नियम मात्र काका रात्री एकटेच लिहायचे. बापलेकांची ती सगळ्यात चांगली वर्षं होती असं काकू म्हणायच्या. खेळाचं नाव ठेवलं 'पहारा'.

तुम्ही संत्री, म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई. पहाटेची वेळ, दाट धुकं. विमानतळाचं कुंपण, एक हँगर, गार्डरूम. गार्डरूमच्या भिंतीवर एक बोर्ड. तुम्ही बंदूक उचलायची, बाहेर जाऊन उभं राहायचं. धुक्यातून कोणी तरी येतं. तुम्ही चाप ओढता आणि नुसतं 'खट' होतं. पुन्हा ओढता, पुन्हा खट. तेवढ्यात धुक्यातला माणूस तुम्हाला मारून टाकतो. खेळ संपला. पुन्हा सुरू करा, पुन्हा खट, पुन्हा मरा.

त्या खेळाच्या नशिबी जे आलं ते वाचून मला अजून संताप येतो. इंटरनेटवर लोकांनी त्याला जगातला सर्वांत बिघडलेला खेळ ठरवून टाकलं. कुणा गोऱ्या पोराने तर त्याचा व्हिडिओ केला. तो खट ऐकून खुर्चीवरून खाली पडायचं नाटक करायचा, आणि खाली लोकांचे हसरे चेहरे. बिघाड नव्हते असं नाही. हँगरच्या मागच्या भिंतीतून माणूस आरपार जायचा. एक झाड जमिनीपासून हातभर वर तरंगत होतं. पण हसायला सगळ्यांना ती न उडणारी बंदूकच सापडली. आणि एकानेही, मी पुन्हा सांगते, एकानेही त्यांना पत्र टाकून विचारलं नाही की बाबा, ही अशी का आहे.

काका ते व्हिडिओ बघायचे. चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. "आदेश न वाचता ड्यूटीवर येतात," एवढंच म्हणायचे.

माझा धंदाच चुका काढायचा, त्यामुळे एका रविवारी मी तो खेळ मागून घेतला. सकाळपासून दुपारपर्यंत मरत राहिले. मग खाली जाऊन म्हटलं, "काका, बंदुकीत बग आहे."

"बग नाही. आदेश आहे."

"कसला?"

"बोर्डावर लिहिलाय. वाच."

मी पुन्हा वर जाऊन तो बोर्ड पाहिला. पांढऱ्यावर काळे किडे वळवळावेत तसं काही तरी. जवळ गेलं की किडे मोठे व्हायचे, अक्षर एकही व्हायचं नाही. खाली येऊन सांगितलं की वाचता येत नाही.

"चष्मा लाव."

"मला चष्मा नाही."

"मग लाव म्हणूनच सांगतोय."

"अहो, तोंडाने सांगा ना काय लिहिलंय ते."

"तोंडी आदेश नसतो." असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. अशा वेळी त्यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोलणं बरं; भिंत निदान वर्तमानपत्र धरत नाही. मी कंटाळून नाद सोडला. बाहेरचे लोक न विचारता हसत होते आणि हे विचारलं तरी सांगत नव्हते, आणि दोघांच्या मध्ये तो खेळ वर्षानुवर्षं कुजत पडला होता.

मुलगा एव्हाना कॅनडात नोकरीला होता. त्याला मराठी समजायची, बोलायचा हिंदीत. काका मराठीत विचारायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि फोन लवकर संपायचा. बापाच्या वाढदिवसाला तो न कळवता आला. फेब्रुवारीतली उबदार दुपार होती. बदलीवर आलेल्या दोन-चार मराठी कुटुंबांना काकूंनी जेवायला बोलावलं होतं, सरदारजी होते, मी होते. श्रीखंड-पुरी झाली, आणि मुलाने आपला लॅपटॉप दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला.

"पापा, आपके लिए," तो म्हणाला. "कितने महीने लगे। अलग अलग देशों के लोग थे, सब आपके गेम के फैन। पूरा रिपेअर कर दिया।"

टीव्हीवर 'पहारा' उघडला. मी मान्य करते, काम सुंदर होतं. झाड जमिनीवर आलं होतं. हँगरची भिंत भिंतीसारखी उभी होती. धुकं तर असं उतरलं होतं की खोलीत गारवा जाणवावा. काका पुढे सरकून बसले होते. त्यांचा चेहरा मी तसा उघडा कधी पाहिला नव्हता. मुलगा खेळायला लागला. धुक्यातून एक आला, मुलाने चाप ओढला, गोळी सुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक आला, तोही पडला. काकांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले.

मग धुक्यातून आणखी एक माणूस आला. त्याच्याकडे हत्यार नव्हतं. एका हातात काही तरी होतं, ते हलत होतं. मी नीट पाहिलं. केटली होती.

मुलाने गोळी घातली. माणूस कोसळला, केटली त्याच्या बाजूला पडली. पुन्हा टाळ्या. सरदारजी म्हणाले, "ओए शाबाश।"

काका उभे राहिले.

"तू पुकारलं नाहीस," ते म्हणाले.

"क्या?"

"माणूस समोरून आला. तू त्याला पुकारलं नाहीस."

"पापा, वो तो बग था। गन अटकती थी न? वही तो निकाला हमने। सबसे बड़ा बग वही था।"

काका पाय ओढत टीव्हीपर्यंत गेले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. "तुझ्यासारख्याच्या हातात बंदूक द्यायलाच नको होती," ते म्हणाले. स्वतःच्या मुलाला, भरल्या घरात, वाढदिवसाच्या दिवशी. मुलाचा चेहरा उतरला. "गेम है, पापा," तो म्हणाला, "सिर्फ गेम है।" काका आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पाहुणे श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन तसेच बसले. मुलगा ठरल्याच्या आधीच दिल्लीला आणि तिथून कॅनडाला निघून गेला. त्यानंतर फोन आला तर तो काकूंसाठी असायचा.

मला दोघांचाही राग आला होता. मुलाचा, कारण दुरुस्त करण्याआधी ज्याने बनवलं त्याला एक शब्द विचारावा एवढं त्याला सुचलं नाही. आणि काकांचा तर त्याहून जास्त. लेकरू समुद्रापलीकडून भेट घेऊन येतं आणि बाप त्याला चारचौघांत झोडतो. मी तसं काकूंना बोलूनही दाखवलं. गच्चीवर उन्हात बसून त्या मटार सोलत होत्या, मी पण सोलायला बसले होते.

"मुलाने काय वाईट केलं, काकू? पायाने अधू झाले म्हणून माणसाने जिभेनेही सगळ्यांना अधू करायचं का? स्कूटर काय त्याने पाडली होती?"

काकूंचे हात थांबले. "स्कूटर कसली गं," त्या म्हणाल्या. "गोळी लागलीय ती."

मग त्यांनी खाली मान घालून, शेंगा सोलत सोलत सगळं सांगितलं. लग्नाच्या आधीची गोष्ट. काका तेव्हा पोरसवदा होते. थंडीतली पहाट, उत्तरेकडचं धुकं, समोरचा हात दिसत नाही असं. काका कॅन्टीनमधून गार्डवरच्या लोकांसाठी चहा घेऊन चालले होते, केटलीतून. पहाऱ्यावर एक नवं पोरगं होतं, घाबरट. संत्रीने आधी पुकारायचं असतं: 'थम, कौन आता है?' समोरच्याने म्हणायचं, 'दोस्त.' तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही तरच गोळी. त्या पोराने काही पुकारलं नाही. धुक्यात सावली दिसली आणि त्याने चाप ओढला. काकांच्या मांडीतून गोळी गेली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. ते पोरगं वाचवायचं होतं, त्याचा साहेब वाचवायचा होता. चौकशीत लिहिलं की संत्रीने तीन वेळा पुकारलं, यांनी उत्तर दिलं नाही. चूक जखमी माणसाची. यांच्या नावावर लाल शाईने नोंद झाली, पुढची बढती त्यानेच अडली. हे तेव्हा हॉस्पिटलात. यांना विचारायला कुणी आलंच नाही."

"मुलाला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुझ्या बापाच्या नावावर चूक लिहिलीय म्हणून? हे म्हणाले, स्कूटर सांग. मी सांगितली स्कूटर."

माझ्या बोटांनी शेंगा सोलणं चालू होतं, पण दाणे कुठे पडताहेत ते मला दिसत नव्हतं. मला त्या माणसांचा असा संताप आला, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती. टेबलाशी बसून, चहा पीत, चार लोकांनी एक खोटं वाक्य लिहिलं आणि सही करून घरी गेले. ते फाटकावरचं 'कोण', ते तीन हॉर्न, ती केटली, सगळं त्या वाक्याचंच होतं. एका माणसाने आयुष्यभर त्या वाक्याला उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराला जग बिघाड म्हणत होतं. त्या रात्री मी खेळाचा कोड उघडून वाचला. बंदुकीला पुकारायचं एक बटण होतं. ते तीनदा दाबल्याशिवाय चाप चालणार नव्हता. पण हे ज्या बोर्डावर लिहिलं होतं तो बोर्ड कुणालाच वाचता येत नव्हता, आणि हे त्या हट्टी माणसाला कोण पटवून देणार.

मी सरळ जाऊन सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की महिनाअखेर खोली रिकामी करायचं फर्मान निघालं. "माझ्या बोर्डात खोट काढतेस," असं म्हणाले. मी म्हटलं, करते रिकामी, पण जाण्याआधी माझं काम करून जाते.

टेस्टर मंडळींची एक जुनी युक्ती आहे. ज्याने वस्तू बनवली त्याला ती कधी नीट दिसत नाही, कारण तो डोळ्यांनी बघत नसतो, आठवणीने बघत असतो. म्हणून त्याच्या नकळत वस्तू बदलायची आणि मग त्याला दाखवायची. मी काकूंकडून रव्याच्या लाडवांचं साहित्य लिहून घेतलं, तेवढ्याच ओळींत बसवलं, आणि काकांनी आपलं चित्र जेवढं आकसलं होतं तेवढंच आकसून खेळातल्या बोर्डावर चिकटवलं. क्लासातलं इंटरनेट तेव्हा संथ होतं, म्हणून त्यांनी सगळी चित्रं बारीक केली होती. सगळा घोटाळा तिथला होता. किडे तसेच वळवळत होते. खाली जाऊन मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"मला वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवा, मग मी गप्प बसते."

काकांनी चष्मा लावला. ताठ बसले. आणि घडाघडा वाचायला लागले. "एक. बिना पुकारे गोली नहीं. दो. पुकार तीन बार, ऊँची आवाज़ में, रुक रुक कर. तीन. जवाब मिले तो हथियार नीचे. चार. कोहरे में सब्र दुगना." एकही अक्षर अडलं नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता बांध सामान.

मी चिकटवलेलं चित्र आकसण्याआधी जसं होतं तसं मोठं उघडलं. रवा. पिठीसाखर. तूप. वेलची पूड. बेदाणे आवडीप्रमाणे.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला आणि ते बारीक चित्र पुन्हा पाहिलं, खूप वेळ.

"हे तू लावलंस."

"हो. आज सकाळी."

"आणि आधीचं, माझं?"

"तेही असंच दिसतं, काका. कुणाला वाचता येत नव्हतं. त्या गोऱ्या पोराला नाही, मला नाही." मी जरा थांबले. "तुमच्या मुलालाही नाही."

ते फाटकाकडे बघत राहिले. माझ्या मनातला राग कुठे तरी अडकला होता, तो आता खाली बसला. "म्हणजे आपल्या पोराला," ते हळूच म्हणाले, "मी न पुकारताच..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. काकूंचं हसू थांबलं होतं.

खोली रिकामी करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढचे काही रविवार आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून 'पहारा' दुरुस्त करत होतो. मुलाचीच आवृत्ती घेतली. त्याचं झाड, त्याची भिंत, त्याचं धुकं तसंच ठेवायचं, हा काकांचाच हुकूम. "चांगलं केलंय पोराने," असं ते स्क्रीनला म्हणायचे; फोनवर म्हणायला काय जात होतं, देव जाणे. बंदुकीचा नियम परत घातला. बोर्ड नव्याने लिहिला, एवढा मोठा की दारातून वाचता यावा, वर हिंदीत आणि खाली इंग्रजीत. कोणतं बटण दाबायचं तेही लिहायला लावलं. त्यावर आमचं पुन्हा भांडण झालं, ते मी जिंकले.

मुलाला पाठवायची वेळ आली तेव्हा काकांनी फोन हातात घेतला आणि एका बोटाने लिहिलं, 'आहेस का?' उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 'आहेस का?' उत्तर नाही. मला राहवेना. "अहो, खेळ पाठवून मोकळे व्हा," मी म्हटलं. ते म्हणाले, "थांब. अजून एकदा." तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा लिहिलं. दुपारी उत्तर आलं, 'हूँ, पापा।' मग त्यांनी खेळ पाठवला.

त्या रविवारी सकाळी तो व्हिडिओ कॉलवर आला. तो तिकडे खेळत होता, आम्ही इकडे बघत होतो. चेहरा अजून फुगलेलाच होता. गार्डरूममध्ये गेला, बोर्डापुढे थांबला, वाचला. बंदूक उचलून बाहेर धुक्यात जाऊन उभा राहिला. पहिला आला तेव्हा त्याने बटण दाबलं. काकांच्या तेव्हाच्या भरदार आवाजात पुकार गेली, 'थम, कौन आता है?' उत्तर नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग बंदूक चालली. मुलाने मान हलवली, एखादी गोष्ट कळावी तशी.

मग केटलीवाला आला. मुलाचं बोट थांबलं. त्याने पुकारलं.

धुक्यातून आवाज आला, 'दोस्त.' तोही काकांचाच, मुद्दाम पोरसवदा केलेला. इतकी वर्षं तो खेळात पडून होता आणि जगात एकानेही तो ऐकला नव्हता. माणूस सरळ चालत पुढे आला. कुठेही लंगडत नव्हता. त्याने केटली खाली ठेवली, दोन पेल्यांत चहा ओतला, एक संत्रीपुढे धरला. धुकं हळूहळू निवळलं आणि खेळ संपला. शेवट हाच होता.

स्क्रीनवर मुलाने माउस बाजूला सारला. मग त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पापा," तो म्हणाला, "घर में केतली..." आणि थांबला. "वो स्कूटर वाली बात..." पुन्हा थांबला. काकू माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या. मुलाने तोंड पुसलं आणि मराठीत बोलला, मोडक्या मराठीत, लहान मुलासारखं एकेक शब्द शोधत.

"तुमाला तेव्हा कोणी पुकारलं होतं, पापा?"

"नाही," काका म्हणाले.

"आणि नंतर? कोणी विचारलं?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्ता तू विचारलंस," ते म्हणाले.